बांगड्यावाल्या मावशीचे हात

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात माझी नर्सची ड्यूटी मनाच्या आजारांच्या खोलीत लावली, तेव्हा माझ्या माहेरी कुणीच खूश नव्हतं. त्याआधी मी बाळंतपणाच्या वॉर्डात होते. तिथे बाळ झालं की घरची माणसं पेढे आणतात, सिस्टरचं नाव लक्षात ठेवतात. आई एकदा फोनवर म्हणाली, "बदलून घे ना बाई तो वॉर्ड. लोकं इचारतात पोरगी कोठी हाय, तं मी काय सांगू?" माझ्याही मनात तेच होतं. आमच्या मोठ्या सिस्टरांच्या कानावर मी बदलीची गोष्ट घालूनही ठेवली होती. त्याच उन्हाळ्यात मावशी आली.

मी सौंसरची, मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यातली. माझं सासरही सौंसरचंच आणि नोकरी पांढुर्ण्याला, रोज बसनं जाणं-येणं. सौंसरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या या मावशीला मी पोरवयापासून ओळखत होते. दुकान म्हणजे खाली अंथरलेली चादर, लाकडी पेट्या आणि वर ताणलेलं प्लास्टिक. तिचा नवरा सकाळी सायकलवर पेट्या आणून ठेवायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. बांगड्या भरायचं काम मात्र तिचं एकटीचं. समोरच्या बाईचा हात हातात घेतला की ती भलत्याच गोष्टी सुरू करायची. कापसाचा भाव काय चालू आहे, पोरगी कितवीत गेली, सासू बरी का. बाई उत्तर देण्यात गुंतली की हात आपोआप सैल पडायचा आणि बांगडी कधी आत गेली ते कळायचं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती आमच्या विहारामागच्या घरी आली होती. माझ्या हातात हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या.

त्या सकाळी मी तिला ओळखलं नाही, हे खरं. एक वाळलेली बाई ऑटोतून उतरली. केसांच्या गुठळ्या झालेल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळून तिनं पोटाशी धरले होते. मागे एक म्हातारा आणि कडेवर लहान मुलगी घेतलेली एक तरुण बाई. म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि मग मला उमगलं की ही मावशी.

तरुण बाई म्हणजे मावशीची सून. मुलगा नागपूरला कंपनीत कामाला होता, म्हणून सगळं हिच्यावरच आलं होतं. तिनं सांगितलं, "सिस्टर, पहिले आईनं बाजारात जाणं सोडलं. मंग बोलणं सोडलं. मंग एक दिवस सोताच्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. बाबा जित्ते असताना. साऱ्या गल्लीत बोंब झाली. आम्ही जामसावळीच्या मारोतीले नेलं, तिथी काही दिवस राह्यलो. तिथी दर्शनाले आलेल्या एका बाईनं म्हटलं, मारोतीचं दर्शनही करा अन् दवाखान्यातही दाखवा, दोन्ही चालते. म्हणून आलो."

त्या अनोळखी बाईचे उपकार मी आजही मानते.

आमचे डॉक्टर बाहेरचे, हिंदी बोलणारे, शांत स्वभावाचे. त्यांनी मावशीला तिचा त्रास विचारला. मावशी जमिनीकडे पाहत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, थांबले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, आप बैठिए इनके पास. मुझसे नहीं, आपसे बोलेंगी. अपनी बोली में पूछिए." पोटात अन्न नव्हतं, अंगात पाणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी तिला भरती करून घेतलं आणि औषधं सुरू केली.

आमच्या कामात तपासणीची सुरुवात डोळ्यांनी होते. माणूस कसा बसला आहे, कपड्यांची शुद्ध आहे का, प्रश्न ऐकू जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, आपल्याला न दिसणारं काही त्याला दिसतं आहे का. प्रशिक्षणात हे सगळं शिकवतात. जे शिकवून येत नाही ते म्हणजे नुसतं बसणं. मी मावशीच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायचे. कधी तिच्या केसांत खोबरेल तेल घालून गुठळ्या सोडवायचे. सून वरणात भाकर कुस्करून तिला भरवायची, कारण ती हात बाहेर काढायलाच तयार नव्हती. नाडी बघायला मी मनगट धरलं की ती हात ओढून घ्यायची. नवरा खाटेपाशी आला की भिंतीकडे सरकायची. बिचारा मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला विचारायचा, "खाल्लं का जी तिनं?"

सुनेचं दुःख वेगळं होतं. व्हरांड्यात मुलीला थोपटता थोपटता ती म्हणाली, "मले पोरगी झाली ना, म्हणून आईचं मन उतरलं. हिले आजपर्यंत हात नाई लावला त्यायनं. बारशालेही नाई." हे सांगतानाही तिची नजर आत खाटेवर होती. मुलगी झाली म्हणून जी सासू आपल्या पोरीला शिवली नाही असं तिला वाटत होतं, तिचीच वेणी ती रोज घालत होती.

मावशीचा पहिला शब्द आला तो असा. दुपारची वेळ होती, मी स्टुलावर बसून दुसऱ्या पेशंटच्या बाईशी बोलत होते. माझा हात सहज खाटेच्या कडेवर टेकलेला. अचानक मला हाताला स्पर्श जाणवला. मावशीनं पदरातून हात काढून माझा पंजा धरला होता. बोटांच्या मुळाशी तिनं तो दोन्ही बाजूंनी दाबला, अंगठा आत वळवून पाहिला आणि बारीक आवाजात म्हणाली, "दोन-सहा."

माझ्या बांगडीचं माप. मी हलले नाही. पण पुढच्याच क्षणी, चटका बसावा तसा तिनं हात मागे घेतला, पुन्हा पदरात लपवला आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत ती रडलीही नव्हती.

मी लगेच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तेल लावता लावता म्हटलं, "मावशी, काल तुम्ही माझं माप बरोबर सांगितलं. मग हात का झाकता?"

तिनं उलट मलाच विचारलं, "तुहा नवरा कसा हाय?"

"बरा आहे. सकाळीच डबा घेऊन कामावर गेला."

"खरं सांगून राहिली?"

"खरं."

"मंग तुहे हात खाली कायले?"

ड्यूटीवर आम्ही बांगड्या घालत नाही, हे तिला कुठून माहीत असणार. रोज माझे मोकळे हात तिच्या डोळ्यांसमोर होते आणि ती मनातल्या मनात धसका घेऊन बसली होती. त्या दिवशी ती तुटक तुटक बोलली, आणि मला हळूहळू सगळं समजलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सौंसरात घरोघरी माणसं गेली. बाजार पुन्हा उघडला तेव्हा मावशीच्या नेहमीच्या बायांपैकी काही आल्याच नाहीत. काही चादरीसमोरून मान खाली घालून निघून गेल्या. त्यांच्या लग्नात, सणाला तिनंच हात भरलेले. त्यात तिची सख्खी धाकटी बहीणही होती. तिचा चुडा मावशीनं भरला होता आणि तिचाही नवरा गेला. मावशी दुकानावर बसून एकेक चेहरा आठवत राहिली. आठवता आठवता तिच्या मनानं गाठ मारली, की खोट आपल्या हातात आहे. आपण भरलेल्या बांगड्या टिकत नाहीत. पुढे कानातही कुणीतरी तेच बोलू लागलं. मग तिनं स्वतःच्या बांगड्या उतरवल्या, कारण त्याही तिनंच भरल्या होत्या आणि तिला नवऱ्याला वाचवायचं होतं. त्याला जवळ येऊ द्यायचं नाही, नातीला शिवायचं नाही, बहीण दारात आली तर दार लावून घ्यायचं. गल्लीला ते वेड दिसलं. ती आपल्या समजुतीनं सगळ्यांना जपत होती.

अशा वेळी वाद घालायचा नसतो आणि होकारही द्यायचा नसतो. मी म्हटलं, "मावशी, हे तुम्हाला खरं वाटतं आहे आणि त्याचा फार त्रास होतो आहे, हे मला कळलं. मला तसं वाटत नाही. पण तुमचा त्रास खरा आहे." मग जो प्रश्न विचारायला नव्या नर्सची जीभ अडते, तो विचारला. "जगू नये असं मनात येतं का?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "येते. कोणी इचारलंच नाई आतापर्यंत."

सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं. उलट होतं. सांगून झाल्यावर मावशीचे खांदे खाली आले. मी तिला म्हटलं की हे डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगावं लागेल, म्हणजे तिला एकटं सोडायचं नाही हे त्यांना कळेल. तिनं मानेनं हो म्हटलं.

सुनेला सांगितलं तेव्हा ती कोपऱ्यात तोंड फिरवून रडली. "म्हणजे माह्या पोरीले वाचवून राहिल्या होत्या वो त्या," एवढंच म्हणाली. मावशीच्या नवऱ्यालाही सांगितलं. तो आत गेला, खाटेजवळ खाली बसला आणि बायकोला म्हणाला, "सारी जिंदगी तुह्याच हातचं खाल्लं. आता त्याच हाताचं भेव मले कायले दाखवते?" मावशीनं भिंतीकडे सरकायचा प्रयत्न केला, पण अर्ध्यावर थांबली.

मला वाटलं, माझा नवरा डोळ्यांनी पाहिला तर तिची भीती कमी होईल. त्याला एक दिवस दवाखान्यात बोलावलं. त्यानं वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली. मावशीनं त्याला नीट न्याहाळलं. तो गेल्यावर म्हणाली, "अजून काई झालं नाई त्याले." हे ऐकून डॉक्टर हळूच हसले आणि म्हणाले, पुरावा दाखवून असा भ्रम जात नाही, औषधाला वेळ द्या. आम्ही वेळ दिला. झोप आली, मग भूक आली, मग कानातला आवाज लांब गेला. घरी जाताना तिनं स्वतःच्या हातानं चहाचा कप धरला होता.

तिचं घर माझ्या वाटेवर होतं. बसमधून उतरून घरी जाताना मी डोकावायचे. सून गोळी समोर देऊन पाणी प्यायला लावायची, तोंड उघडून बघायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मी पाहीन तं त्यायले वाटन माहा भरोसा नाई. त्या सोताच दाखवतात." खरोखर मावशी गोळी गिळून जीभ बाहेर काढायची, लहान पोरासारखी, आणि नात ते बघून खिदळायची. त्या खिदळण्यातच एकदा नात तिच्या मांडीवर चढली. मावशीनं हात वर उचलून धरले, शिवायचे नाहीत म्हणून. पोरगी घसरायला लागली तसे ते हात खाली आले आणि तिनं तिला धरलं. सून चुलीपाशी होती. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून भाकर थापत राहिली. मला तिचं ते न पाहणं फार मोठं वाटलं.

पुढे सगळं सरळ गेलं असं नाही. त्याच गल्लीतला एक माणूस हार्ट अटॅकनं गेला आणि त्याच्या बायकोला चार वर्षांपूर्वी मावशीनं बांगड्या भरल्या होत्या. मावशी पुन्हा गप्प झाली, हात पुन्हा पदरात. सुनेचा फोन आला. डॉक्टरांनी तपासून औषध वाढवलं. मी मावशीला विचारलं, "बहिणीला बोलवायचं का?" ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. सुनेनं फोन लावला.

बहीण बोरगावची. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायचं काम करायची. शाळा सुटल्यावर बस धरून आली. मी तेव्हा तिथेच होते. आत येऊन ती मावशीच्या पुढ्यात खाली बसली आणि दोन्ही मोकळे हात समोर धरले.

"ताई, भर."

"नाई."

"कायले नाई?"

"मीच भरल्या होत्या तुह्या हातात. पाह्यलं ना काय झालं ते."

"काय झालं तं? त्यायले कोरोना झाला. डॉक्टरनं मले सांगतलं, फुप्फुसं गेली म्हणून. बांगडीचं नाव नाई काढलं डॉक्टरनं."

बहिणीनं हात तसेच धरून ठेवले. "तू दार लावून घेतलं तवा मले वाटलं, मी रांडमुंड झाली म्हणून ताई मले पाहत नाई. मले काय माहीत तू हे डोक्यात घेऊन बसली. मले बांगड्या पाहिजेत. नवऱ्यासाठी नाई, मले आवडतात म्हणून. शाळेतल्या पोट्ट्या इचारतात, काकू, तुमचे हात खाली कायले. अन् घालीन तं तुह्याच हातानं घालीन."

दाराशी बसलेला मावशीचा नवरा केव्हा उठला कळलं नाही. त्यानं माळ्यावरची पेटी काढली, धूळ पुसली आणि दोघींच्या मध्ये ठेवून पुन्हा दाराशी जाऊन बसला. बहिणीनं जांभळ्या निवडल्या. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली, मावशीनं जोर केला आणि ती मोडली.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मोडलेल्या बांगडीचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांनाच ठाऊक असतो. बहिणीनं तुकडे वेचून बाजूला ठेवले, बोटावर रक्ताचा ठिपका आला होता तो पदरानं पुसला आणि हात परत पुढे केला.

"दुसरी घे."

मावशीनं दुसरी घेतली. थोडा वेळ तशीच धरून बसली. मग आपल्या जुन्या सवयीनं विचारलं, "खिचडीत दाळ कोणती टाकता तुम्ही?"

"मुगाची. कधी तुरीची."

"अन् पोट्टे खातात?"

"खातात ना. तिखट कमी टाका म्हणतात."

बहीण सांगत गेली आणि बांगड्या आत जात राहिल्या. दोन्ही हात भरून झाल्यावर मावशीनं ते आपल्या कपाळाला लावले. मग दोघी रडल्या. सुनेनं चहा ठेवला.

त्या एका दुपारनं मावशी बरी झाली असं मी म्हणणार नाही. औषधं आधीपासून चालू होती, नंतरही चालली. पण त्यानंतर ती बाजारात जाऊ लागली. आधी नुसती नवऱ्याशेजारी बसायची आणि तो कागदात बांधून बांगड्या द्यायचा. मग एखाद्या ओळखीच्या बाईचा हात धरायची. आता पूर्वीसारखी बसते, फक्त दुपारी दमते आणि लवकर उठते. तिच्या हातातही बांगड्या आहेत. त्या तिच्या बहिणीनं भरल्या.

बदलीबद्दल मोठ्या सिस्टरांनी पुढे एकदा विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. आईला मी मावशीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न सांगता. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अशा कामाले माणूस तं पाहिजेच." तेवढं मला पुरलं.

आमच्या खोलीत येऊन गेलेली माणसं बाहेर भेटली की बहुतेक नजर चुकवतात. मी वाईट वाटून घेत नाही, त्यांना गावात राहायचं असतं. मावशीचं मात्र तसं नाही. मागच्या महिन्यात ती तपासणीला म्हणून सौंसरहून माझ्याच बसमध्ये चढली. बस भरलेली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं चालल्या. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पांढुर्ण्याले, डोक्याच्या डॉक्टरकडे. हे पाहा, या आमच्या सिस्टर. माहं डोकं फिरलं होतं तवा माह्याजवळ बसून राहत होत्या."

ती बाई क्षणभर गोंधळली. मग थोडी सरकून आवाज खाली करत मला म्हणाली, "सिस्टर, माह्या जावयाले रातभर झोप नाई येत. कोणालेच बोलून नाई राहिला. त्याले आणलं तं चालन का?"

"आणा ना," मी म्हटलं. "सकाळीच आणा, म्हणजे गर्दी नसते."

मावशीनं तिला खोली कुठे आहे ते समजावून सांगायला घेतलं, आणि पांढुर्णा येईपर्यंत दोघी बोलतच होत्या.